पालखी आता कुठं हाय?

गेल्या शिमग्याला खारशेतच्या जाखमातेची पालखी खालच्या आळीत किती वाजता जाणार, ह्याची तीन जागी तीन उत्तरं होती. छापील पत्रिकेत दुपारी चार, गावाच्या वेबसाइटवर पाच, मुंबई मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सहा. आणि पालखी गेली तीनला! आता देवीला कोण विचारणार, बाई गं, तू एवढी लवकर कशी म्हणून?

ज्यांची दारं उघडी होती त्यांचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते गोदूकाकीचं. भांडुपच्या कँटीनमधून कशीबशी सुट्टी काढून ती पाचच्या अंदाजानं धापा टाकत आळीत शिरली, तर शेजारच्या अंगणात गुलालाचा सडा आणि हिच्या अंगणात चिमूटभरसुद्धा नाही. दाराला कुलूप, चावी हिच्या कमरेला. घरचं माणूस उंबऱ्यात उभं नसेल तर खारशेतात पालखी त्या अंगणात शिरत नाही, पुढं जाते. रीतच आहे तशी, त्यात कुणाला बोल लावायचा? काकी अंगणात मटकन बसली ती किती तरी वेळ उठलीच नाही.

कुणी म्हणेल, एवढं काय त्यात, पुढच्या वर्षी येईल की. पण हे घर नवं होतं. निसर्ग वादळानं जुनं घर भुईला मिळवलं, नवरा त्याच्याही आधी गेलेला, आणि ह्या बाईनं कँटीनच्या पगारातून एकेक भिंत चढवत नवं घर उभं केलं. एका शिमग्याला वर छप्पर नव्हतं, पुढचा हा असा हुकला. आणि जाखमाता येऊन गेल्याशिवाय नव्या घरात मी चूल पेटवायची न्हाय, असं तिनं मनाशी धरलेलं. चूल घातलेली, चुलीत लाकडं रचलेली, नुसती काडी ओढायची बाकी. पण नाही म्हणजे नाही. गावाला आली की काकी जेवायला-झोपायला शेजारच्या क्रांतीच्या घरी. स्वतःचं फरशीचं घर कुलपात, आणि ही लोकांच्या पडवीत पाय मुडपून झोपलेली. बघवायचं नाही हो.

क्रांतीला तर मुळीच बघवायचं नाही. बोर्ली पंचतनच्या बाजारात झेरॉक्सच्या दुकानावर तिची एक खोली होती. तिथं बसून ती दिवेआगरकडच्या घरगुती खानावळींच्या, आंबेवाल्यांच्या वेबसाइट बनवायची, आणि गावाची वेबसाइटही तिच्याचकडं. पत्रिका छापणारा वेगळा, ग्रुपवर टाकणारा वेगळा, वेबसाइट बघणारी ही वेगळी. जो तो आपापल्या जागी शहाणा! काकी क्रांतीला एका शब्दानं बोलली नाही, आणि तेच पोरीला जास्त लागलं. पुढच्या शिमग्याला हे होऊ द्यायचं नाही, असं तिनं त्याच दिवशी ठरवून टाकलं.

माघातल्या एका रविवारी देवळाच्या मंडपात सभा भरली. अध्यक्ष भागोजीतात्या खांबाला टेकून बसलेले, समोर दोरीवर पांढरी चादर ताणलेली, तिच्यावर प्रोजेक्टरचा उजेड. क्रांतीच्या बाजूला ऋत्विक. हा तिच्याच वर्गातला, आता ऐरोलीच्या कंपनीत नोकरीला, आणि गावात यायचा तो असा थाटात की कुत्रीसुद्धा ओळखायची नाहीत. पण पोरगा मनानं चांगला. गावासाठी दोघांनी दोन यंत्रणा शोधून आणलेल्या, आणि गावानं त्यातली एक निवडायची होती.

"हेडलेस सीएमएस म्हणतात ह्याला," क्रांती म्हणाली.

"म्हंजे डोकं न्हाय त्याला?" तात्यांनी विचारलं.

"न्हाय."

"मंग बिनडोक म्हण की सरळ!"

अख्खा मंडप खो खो हसला. क्रांतीही हसली, पण ती हार जाणाऱ्यातली नव्हती.

"तात्या, भंडाऱ्याला भात किती ठिकाणी शिजवता?"

"एकाच. मोठं पातेलं हाय ना."

"आणि वाढता कशात?"

"कुणाला पत्रावळीवर, कुणाला ताटात. आजारी माणसाला डबा जातो घरी."

"मग झालं तर! आतापर्यंत आपण पत्रावळीचा भात वेगळा शिजवत होतो, ताटातला वेगळा, डब्यातला वेगळा. म्हणून तर तीन वेळा झाल्या. आता पातेलं एकच. गावाची माहिती एका जागी, एकदाच लिहायची. तिथनं वेबसाइट उचलेल, मोबाइलवरचं ॲप उचलेल, देवळासमोरचा पडदा उचलेल, मुंबई मंडळाच्या खोलीतला टीव्ही उचलेल. दाखवणारी तोंडं वेगळी, माहिती एक."

"हां, असं बोल ना मंग," तात्या म्हणाले आणि जरा सरसावून बसले.

आधी ऋत्विकनं आपली यंत्रणा दाखवली. खोटं कशाला बोला, ती होतीच तशी देखणी. 'कार्यक्रम' नावाचा साचा तयारच. त्यात फोटो टाका, नकाशा टाका, तारीख टाका, सुरू व्हायची वेळ, संपायची वेळ, आणि बटण दाबलं की चादरीवर जाखमातेचं पान असं झळकलं की बायकांनी बसल्याजागी हात जोडले. "एकदम रेडी है, यार. आज घेतलं तर आज चालू," ऋत्विक म्हणाला. क्रांतीलाही मनातून ते आवडलं. तिला जरा हेवाच वाटला.

मग तिनं आपली यंत्रणा उघडली. पांढरं पान, डावीकडं दोन-चार शब्द, बाकी काही नाही.

"ह्यात तर कायच न्हाय की गं!" मागून कुणीतरी ओरडलं.

"ह्यात आपण करू ते असतं," ती म्हणाली. पण तिचा आवाज जरा पडलाच. रिकामं भांडं दाखवून पाहुण्याला जेवायला बसा म्हणायचं, तसलाच प्रकार तो.

झालं! मंडपात दोन तट पडले. पोरंटोरं ऋत्विककडून, म्हातारी माणसं क्रांतीकडून. आता म्हाताऱ्यांना यंत्रणेतलं काय कळत होतं? पण पोरगी गावात राहते, अडलं तर धावत येईल, एवढं त्यांना कळत होतं. वाद वाढत गेला, आवाज चढले. शेवटी तात्यांनी हात वर केला.

"भांडू नका. देवीला कौल लावूया."

आणि खरंच की! येसाजी गुरवाला हाक गेली, तो ओल्या पंच्यानं आला, दोन नावं ऐकली, परत ऐकली, आणि कपाळाला हात लावून उभा राहिला. "तात्या, शेताचं विचारा, लग्नाचं विचारा, हरवलेली म्हस विचारा. ह्यातलं काय विचारू मी तिला? आनि इंग्रजीत कसं विचारू?"

हसण्याचा एकच गलका उठला, आणि तेवढ्यात क्रांतीचा फोन वाजला. गोदूकाकी भांडुपवरून. सभा आहे हे तिला माहीत होतं आणि तिला दम कुठला निघणार! क्रांतीनं फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा केला.

"काकी, आता काळजी करू नको. ह्या वेळी तुला पालखीची अगदी बरोबर वेळ कळणार."

"वेळ काय करायचीय मला?" काकी फटकन म्हणाली. "वेळ कधी कुणाला कळलीय गं? पालखी कुणाच्या दारात किती नाचंल ते देवीला तरी ठाऊक हाय का? तू मला एवढंच सांग, माझ्या घराआधी किती घरं राहिली. बाकी माझं मी बघते."

क्रांतीनं फोन तसाच चालू ठेवला आणि ऋत्विकच्या लॅपटॉपवरचे वेळेचे रकाने बघितले. अरे! अरे देवा! गावातलं कोण पालखीची वेळ विचारतं? कुणीच नाही. 'भागोजीकडनं निघाली', 'येसाजीच्या अंगणात हाय', 'आमच्या आधी अजून सहा घरं' असंच तर बोलतात सगळे. घरांचा मानाचा क्रम ठरलेला, आजोबा-पणजोबांपासून एक घर इकडचं तिकडं झालेलं नाही. वेळ मात्र कधीच ठरलेली नाही. आणि आपण दोघं शिकलेसवरलेले महिनाभर वेळेचेच रकाने सजवत बसलोय!

"ऋत्विक, तुझ्यात वेळ न लिहिता पालखी टाक बघू."

त्यानं टाकली. चादरीवर लाल अक्षरं उमटली: सुरू होण्याची वेळ भरणे आवश्यक आहे.

"काहीतरी टाकू ना. बारा ते बारा."

"म्हणजे परत खोटी वेळ! बरं, ह्यात लिहायची परवानगी किती जणांना?"

"पाच. आपल्या प्लॅनमध्ये पाचच."

"मला घरटी एक माणूस पाहिजे."

ऋत्विक जादा माणसांचे जादा पैसे सांगायला लागला. क्रांतीनं मात्र त्याचं उत्तर ऐकलंच नाही. ती आपल्या त्या रिकाम्या पांढऱ्या पानासमोर बसली होती आणि बोटं कीबोर्डवर अशी चालत होती, जशी शिमग्यात टिपरी ढोलावर. नवा साचा. साच्याचं नाव: घर. घराला कुटुंबाचं नाव, आळी, मानाचा क्रम. आणि पालखीचे तीनच पर्याय: यायची आहे, आली, निघाली. वेळेचा रकाना नाहीच! पालखी नेणाऱ्यांचे हात कुठं मोकळे असतात? म्हणून ज्याच्या घरात पालखी, त्यानंच आपल्या मोबाइलवर बटण दाबायचं. आणि दुसऱ्याच्या घराला हात लावता येणार नाही, असा बंदोबस्त. मंडपातले लोक आता उठून चादरीपाशी आले होते, म्हाताऱ्यांनी चष्मे वर केले होते.

"तात्या, पहिला मान तुमचा. दाबा."

तात्यांनी तिच्या मोबाइलवर 'आली' दाबलं. चादरीवर आलं: भागोजी, पालखी आली. वेबसाइटवर आलं. मुंबई मंडळाच्या खोलीतला टीव्ही तिनं सकाळीच ह्याला जोडून घेतलेला; तिथनं ऋत्विकच्या मोबाइलवर चंदरचा फोन आला, तो नुसता किंचाळतच होता: "क्रांती, आमच्या टीव्हीवर पालखी आली गं!" आणि मंडपात असा काही जल्लोष झाला की जणू खरीच पालखी दारात उभी आहे. कुणीतरी शिटी मारली, कुणीतरी घंटा वाजवली. फोनवर गोदूकाकी विचारतेच आहे, "काय झालं गं? कोण ओरडतंय? अगं सांग तरी मेले!"

ऋत्विकनं आपला लॅपटॉप मिटला. "मान गया," तो म्हणाला. "यंत्रणा तुझी, ॲप मी बांधतो." आणि त्यानं हसून हात पुढं केला.

सगळे खूश, आणि तेवढ्यात मागच्या खांबाजवळून आवाज आला. "माझ्या घराचं बटण माझ्याच हातात ना? दुसरं कुनी दाबनार न्हाय?"

धर्मा बोलत होता. अख्ख्या सभेत पहिल्यांदाच.

"न्हाय, धर्माकाका. तुमचं तुमच्याच हातात."

धर्मानं मान हलवली, चपला घातल्या आणि तो निघून गेला. क्रांतीच्या आनंदावर विरजण पडलं. धर्मा म्हणजे गोदूकाकीचा धाकटा दीर. नव्या घराचा चौथरा घालताना दोन घरांमधल्या पायवाटेवरून दोघांची जुंपली, तेव्हापासून बोलणं बंद. समोरासमोर आले तरी एक कुंपणाकडं बघणार, दुसरी आभाळाकडं. आणि मानाच्या क्रमात गोदूकाकीच्या आधीचं घर ह्याच धर्माचं.

शिमगा आला. होळी पेटली, पालखी गावात फिरायचा दिवस उजाडला आणि ढोलानं खारशेत दणाणून सोडलं. क्रांती देवळासमोरच्या पडद्याशेजारी लॅपटॉप घेऊन बसलेली. भागोजी, आली. भागोजी, निघाली. घरामागून घर हिरवं होत चाललेलं. दर वेळी पडदा बदलला की पोरं टाळ्या पिटत होती.

वरची आळी निम्मी झाली असेल, तोच तात्या घाम पुसत आले. "क्रांती, तुझं हे लई झ्याक चाललंय बाय. पन बंद दारं बगून जीव टांगणीला लागतो. माणूस येनार हाय का न्हायच, कसं कळावं? कुनासाठी जरा दम धरायचा आनि कुनासाठी न्हाय?"

क्रांतीनं क्षणभर विचार केला आणि डोळे चमकले. "घराला एक रकाना वाढवते. घरचं माणूस: घरी आहे, वाटेत, येणार नाही."

"आज?" ऋत्विक उडालाच. "चालू पालखीत? पागल झालीस का? सगळं बंद पडेल!"

"भातात मीठ टाकलं म्हणून पत्रावळी बदलाव्या लागतात का रे?"

तिनं रकाना वाढवला. ऋत्विकनं देवाचं नाव घेऊन ॲपमध्ये तो दाखवायची सोय केली. काही म्हणता काही बंद पडलं नाही! आणि मग सुरू झाली गंमत. माणगावला एसटीत अडकलेल्या शकूचं घर: वाटेत. पनवेलहून निघालेला विनेश: वाटेत. पडद्यावर एकामागून एक 'वाटेत, वाटेत' उमटायला लागलं, आणि गाव बघत उभं राहिलं. आपली माणसं चहूकडून घराकडं निघालीत हे आजवर सगळ्यांना माहीत होतं, पण असं डोळ्यांनी कुणी बघितलं नव्हतं. तात्यांनी उपरण्यानं डोळे टिपले आणि गुलाल डोळ्यात गेला म्हणाले.

गोदूकाकी महामार्गाची गर्दी टाळून मुरूडकडून आगरदांड्याला आली होती. तिथून बोटीनं दिघी, दिघीहून गाव. तिनंही आपल्या अंगठ्यानं दाबलं: वाटेत. ऋत्विक मोटरसायकल घेऊन दिघीला सुटला.

"काकी, सहा घरं!" क्रांतीनं फोन करून सांगितलं.

"अगं, बोट पलीकडंच हाय अजून!"

थोड्या वेळानं परत. "काकी, तीन!"

"गाड्या चढवतायत बोटीत. बोटवाल्याला सांगितलं मी, बाबा रे, माझी देवी दारात यायलीय. तो हसतोय मेला!"

मग फोनच लागेना. बोट खाडीत असणार. पडद्यावर आलं: धर्मा, पालखी आली. आता गोदूकाकीच्या आधी एकच घर, आणि तेही धर्माचं. एका दारात पालखी ती किती थांबणार? ओटी भरायची, गाऱ्हाणं घालायचं, व्हय म्हाराजा म्हणायचं, एकदा नाचवायची, चालली पुढं.

पण पडदा हलेना. धर्मा, आली. परत बघितलं, धर्मा, आली. पोरं कंटाळून इकडं तिकडं झाली. चंदरचा फोन: "क्रांती, आमच्या टीव्हीवर कधीपासनं धर्माचंच घर. बंद पडलं काय गं?" मागोमाग दुसरा फोन, तिसरा फोन. तिनं सगळं तपासलं. यंत्रणा ठणठणीत होती, बाकीची घरं 'वाटेत'चं 'घरी आहे' झालेली दिसत होती. अडकलं होतं ते धर्माच्या अंगठ्यावर.

आणि मग तिच्या मनात ते आलं. पालखी केव्हाच पुढं गेली असेल. ह्यानं मुद्दाम दाबलं नसेल. काकी मोबाइल बघून म्हणत असेल, अजून एक घर आहे, अजून वेळ आहे, आणि तिकडं दुसऱ्यांदा तिचं अंगण कोरडं! 'माझं बटण माझ्याच हातात ना' म्हणून विचारत होता तो! आणि ते बटण त्याच्या हातात दिलं कुणी? आपणच!

क्रांतीनं लॅपटॉप तसाच टाकला आणि ओढणी कमरेला बांधून धूम ठोकली. देऊळ वरच्या टोकाला, खालची आळी खालच्या टोकाला, मधे नुसता दगडांचा उतार. चप्पल तुटली, ती तिथंच सोडली. धावता धावता ती रडतही होती आणि धर्माला शिव्याही घालत होती, आणि तिच्या तोंडात एवढ्या शिव्या असतील हे तिच्या आईलाही ठाऊक नसेल.

आळीच्या वळणावर ढोल ऐकू आला, जवळून. क्रांती धर्माच्या अंगणात शिरली आणि खिळल्यासारखी उभी राहिली.

पालखी अंगणातच होती. नाचत होती! भोयांचे खांदे बदललेले, सनईवाल्याचे गाल सुजलेले, भागोजीतात्या ओट्यावर पाय पसरून बसलेले. आणि मधोमध धर्मा, गुलालानं डोक्यापासून पायापर्यंत माखलेला, हातात नारळ.

"अजून एकदा!" तो ओरडत होता. "अजून एक नाच! माझ्या नातवाच्या नावानं!"

"अरं धर्मा," तात्या काकुळतीला आले, "नातवाच्या नावानं झाला, लेकीच्या नावानं झाला, बैलांच्या नावानं पन झाला! आता कुनाचं नाव ऱ्हायलंय?"

"कोंबड्यांचं ऱ्हायलंय! नाचवा!"

पोरांनी हसत हसत परत पालखी खांद्यावर उचलली. क्रांती गर्दीतून घुसत त्याच्यापर्यंत पोचली. "धर्माकाका... ते बटण..."

धर्मानं सदऱ्याच्या खिशातून मोबाइल काढला. काच गुलालानं लाल. त्यानं ती कोपरानं पुसली आणि तिच्यासमोर धरली. गोदू. घरचं माणूस: वाटेत.

"तुझंच यंत्र सांगतंय ना हे?" तो म्हणाला. "वाटंत हाय म्हनून? मंग मी निघाली दाबलं तर देवी शिरंल कुठं? कुलपात?" त्यानं तोंड फिरवलं, कुंपणाकडं. "माझ्या दादाच्या दारावरनं देवी एकदा तशीच पुढं गेली. मी हितंच हुभा हुतो. परत जाऊ द्यायची व्हय गं?"

क्रांतीनं त्याचा गुलालानं भरलेला हात धरला आणि नुसती मान हलवत राहिली.

कोंबड्यांचा नाच रंगात आला असतानाच वळणावर हॉर्न वाजला, आणि ऋत्विकची मोटरसायकल धूळ उडवत आली. गोदूकाकी मागून जवळजवळ उडीच मारून उतरली. ती कुणाकडं बघत नव्हती. कमरेची चावी काढली, घाईत उलटीच घातली, ती कुलपात जाईना. मग गेली. दार उघडलं. काकी उंबऱ्यात उभी राहिली, पदर डोक्यावर घेतला, आणि ओटीचं ताट घेण्याआधी तिनं पिशवीतून मोबाइल काढून अंगठ्यानं दाबलं.

धर्माच्या हातातल्या काचेवरची अक्षरं बदलली. गोदू. घरी आहे.

तेव्हा कुठं त्यानं आपलं बटण दाबलं. "निघाली!" तो ओरडला, आणि पालखी ढोलाच्या गजरात ती भांडणाची पायवाट ओलांडून नव्या अंगणात शिरली. येसाजीनं गाऱ्हाणं घातलं, आळीनं घसा फाटेस्तोवर "व्हय म्हाराजा" म्हटलं. काकीनं ओटी भरली आणि पालखीला मिठी मारून ती हमसाहमशी रडली. दमलेल्या भोयांनी तिच्या अंगणात अशी पालखी नाचवली की गुलाल छपरापर्यंत उडाला.

पालखी पुढच्या घरी गेली. आळी पांगली. क्रांती आणि ऋत्विक काकीच्या ओट्यावर टेकले, दोघांच्याही अंगात त्राण नव्हतं. आत काडी ओढल्याचा आवाज आला, आणि रचून ठेवलेल्या लाकडांनी एकदम पेट घेतला. धूर दारातून बाहेर आला. काकी उंबऱ्यात आली, पायवाटेपलीकडं आपल्या ओट्यावर बसलेल्या धर्माकडं तिनं बघितलं. आभाळाकडं नाही, त्याच्याकडं.

"भावजी," ती म्हणाली, "चहा टाकलाय."

धर्मा खाली मान घालून मोबाइलशी काहीतरी खाटखूट करत राहिला. क्रांतीच्या मनात आलं, गेलं सगळं, हा माणूस काही उठत नाही. तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"क्रांती, आता खरंच बिघडलं बघ!" मुंबई मंडळाच्या खोलीतून चंदर सांगत होता. "धर्मा तर गावातच हाय ना? टीव्हीवर दाखवतंय, धर्मा वाटेत म्हणून. चुकलं काय गं तुमचं?"

क्रांतीनं वर बघितलं. धर्मा ओट्यावरून उतरला होता आणि चपला न घालताच पायवाटेवर आला होता.

"नाही, चंदरकाका," ती म्हणाली. "बरोबर आहे ते."